घाटात वळणावर बाईक बाहेर जाते, डबलसीट असलं की डुलते – सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलू?

मुठाकाठ (पुणे):

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल पण सगळं एकदाच सांगतो.

बाईक साडेतीनशे सीसी, मागं दोन शॉकप, पुढं साधे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्या). पाच वर्षं झाली, २४ हजार किलोमीटर. रोजचं ऑफिस हिंजवडी, आणि महिन्यातून एकदा तरी मी आणि बायको घाटात जातोच, कधी ताम्हिणी उतरून माणगाव, कधी वाईवरनं पसरणी चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढं आंबेनळीनं पोलादपूर. माझं वजन ७८, जॅकेट हेल्मेट बूट धरून ८५ म्हणा, बायको ६०, मागं ८ किलोची बॅग.

त्रास दोन ठिकाणी होतो. चढताना डबलसीट असलो की बाईक वळतच नाही, हँडल हलकं हलकं लागतं आणि मी जी लाईन धरलेली असते त्याच्या बाहेर बाईक हळूहळू सरकत जाते, वर मधेच एखादा उंचवटा लागला की मागून दोन तीन झोके बसतात. मागच्या महिन्यात पसरणीत एका डाव्या वळणावर अशीच सरकत सरकत पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं गेली आणि वरून एसटी येत होती. ड्रायव्हरनं एसटी आधीच कडेला दाबून धरली म्हणून निभावलं. वेग चाळीससुद्धा नव्हता. बायको काही बोलली नाही पण पाचगणीपर्यंत तिनं मागची पकड सोडली नाही.

दुसरा त्रास उतरताना. आंबेनळीत नागमोडी वळणाआधी पुढचा ब्रेक धरला की पुढचा भाग पार खाली बसतो आणि त्यात खड्डा आला तर खट्ट असा लोखंडी आवाज येतो, मनगटात जाणवतो.

बजेट सगळं मिळून २५ हजार, त्याच्या वर नाही. एका दुकानात विचारलं तर म्हणाले मागं डबीवाले (गॅसची वेगळी डबी असलेले) शॉकप टाका सगळं सुटेल. खरंच सुटेल का? का पुढचं आधी करू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, मला पुन्हा तिला मागं बसवून निर्धास्त घाट चढायचाय.

गगनबावडा_६५० (कोल्हापूर):

भावा तुझं दुखणं मी दोन वर्षं काढलंय. माझं वजन ९६, इंटरसेप्टर ६५० आहे, पुढं ११० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वरखाली जेवढं हलू शकतं ते) आणि मागं ८८, म्हणजे मागं जागाच मोजकी, त्यात माझ्यासारखा माणूस आणि मागं आणि एकजण बसला की किती उरणार सांग. मी मागचे दोन्ही शॉक बदलले आणि करूळ घाटात पहिल्या फेरीतच कळलं की आता ही वेगळी बाईक हाय. गगनबावड्याहून वैभववाडीला उतरताना वळणात एकदा झुकली की तिथंच राहते, हलत नाही, लई समाधान वाटतं बघ.

पण एक सांगतो, मी ऑर्डर देताना फक्त माझं वजन सांगितलं. तिकडनं त्या वजनाची स्प्रिंग आली, एकटा असलो की मस्त, घरच्यांना बसवलं की पुन्हा मागं बसायची. परत स्प्रिंग मागवली, त्यात दोन महिने गेले आणि पैसे वेगळेच. त्यामुळं शॉक घेताना स्वतःचं वजन गिअरसकट, मागच्याचं वजन, बॅग, आणि महिन्यात कितीदा डबलसीट जातोस हे सगळं सांग. ब्रँड म्हणशील तर थायलंडचे वायएसएस आहेत, स्वीडनचे ओहलिन्स आहेत पण ते तुझ्या बजेटच्या पार पलीकडं. नाव बघून घेऊ नको, तुझ्या वजनाची स्प्रिंग मिळते का ते बघून घे.

माझं मत, मागचे शॉक आधी.

पाटण_गॅरेज (पाटण):

नमस्कार. माझं गॅरेज आहे, कुंभार्ली चढणाऱ्या उतरणाऱ्या गाड्या रोज येतात, पुढच्या शॉकपचं काम जास्त करतो. वरच्या भाऊंनी सांगितलं ते त्यांच्या वजनाला बरोबर आहे पण मुठाकाठ दादा तुम्ही अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी मोजा. न मोजता शॉकप बदलणं म्हणजे ताप किती ते न बघता औषध देणं.

मागचं असं मोजायचं. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलच्या नटापासून सरळ वर ग्रॅबरेलवर नाहीतर पॅनलवर चिकटपट्टीनं खूण करा आणि मिलिमीटरमध्ये अंतर घ्या. हा पहिला आकडा. मग गाडी स्टँडवरनं काढा, सरळ उभी धरा, नुसत्या गाडीच्या वजनावर अंतर घ्या. हा दुसरा. मग तुम्ही पूर्ण गिअर घालून बसा, पाय फूटरेस्टवर, कुणीतरी पुढून हँडल धरेल, तिसरा माणूस मोजेल. आणि शेवटी वहिनी आणि बॅगसकट चौथा आकडा. प्रत्येक वेळी मागचा भाग एकदा दाबून हळूच सोडा आणि आकडा घ्या, मग एकदा उचलून हळूच सोडा आणि घ्या, दोन्हीचं सरासरी धरा, कारण सील (तेल आत धरणारी रबरी कडी) आणि बुशच्या घर्षणामुळं गाडी दोन्हीकडं थोडी अडकून राहते.

पुढं सोपं आहे. फोर्कच्या चकचकीत पाईपवर एक केबल टाय बांधा, घट्ट पण बोटानं सरकेल अशी, खाली सीलला टेकवून ठेवा. घाट उतरून आला की ती जिथं राहिली असेल तिथपर्यंत फोर्क बसला होता. पाच रुपयाची वस्तू आहे पण याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

हे करताना आणखी तीन गोष्टी बघा. एक, पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू डावीउजवीकडं फिरवा, मध्यावर खाच लागल्यासारखं अडकतं का. अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. असा कोनसेट असला की वळणात बारीक दुरुस्ती करायला जावं तर हँडल एकदम मधल्या खाचेत पडतं आणि माणूस म्हणतो सस्पेन्शन खराब आहे. दोन, मागचं चाक आडवं धरून हलवा, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये ढिल आहे का. तीन, मागचा टायर मधे सपाट झालाय का. रोज हायवे आणि ऑफिस असेल तर होतोच. सपाट टायर सरळ चालतो पण झुकवताना त्या कडेवर जाऊन एकदम पडतो. आणि हवा चेनगार्डवरच्या स्टिकरप्रमाणं, डबलसीटची वेगळी दिलेली असते ती.

मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) शॉकपच्या रिंगच्या कितव्या खाचेवर आहे तेही कळवा. दहातल्या नऊ गाड्या शोरूममधून आल्या तशाच पहिल्या नाहीतर दुसऱ्या खाचेवर असतात.

मुठाकाठ:

पाटण दादा, खूप आभार, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बायको, शेजारचा मुलगा आणि मी असे तिघं लागलो होतो. आकडे देतो.

मागं, चाक अधांतरी ५६२. नुसती गाडी ५४९. मी बसल्यावर ५२२. आम्ही दोघं आणि बॅग ४९४. प्रीलोड पहिल्या खाचेवर होता, पाच वर्षांत कुणी हात लावलेला नाही, मीही नाही. मागचं एकूण ट्रॅव्हल मॅन्युअलमध्ये बघितलं तर ९० आहे.

पुढं १३० ट्रॅव्हल. परवा एकटाच पसरणी उतरून आलो, टाय शेवटाच्या ६ मिलिमीटर आधी थांबली होती, म्हणजे एकटा असताना १२४ वापरले.

हँडल मध्यावर अडकतं, अगदी स्पष्ट, टिक असं. चिमटा ठीक आहे. टायर मधे सपाट आहे. डाव्या फोर्कवर सीलच्या वर तेलाचं पुसट वर्तुळ दिसतं, त्याच्यावर धूळ चिकटलीय, आधी कधी लक्ष गेलं नव्हतं.

पाटण_गॅरेज:

हे बघा आता आकडेच बोलायला लागले.

एकटे असताना ५६२ वजा ५२२, म्हणजे गाडी ४० बसते. रस्त्यावरच्या गाडीला ३० ते ३५ चांगलं. म्हणजे थोडी जास्त, फार नाही. दोघं आणि बॅग असताना ६८ बसते. ९० पैकी ६८ उभ्या जागी संपले, २२ उरले. चढावर वजन आणखी मागं जातं, त्यात तुम्ही वळणातून ॲक्सिलेटर देता, मागचा भाग पार खाली आणि पुढचा भाग वर, पुढचं चाक हलकं. फोर्कचा कलंडा (मागं झुकलेला कोन) वाढला की हँडल आळशी होतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. पसरणीत तुम्ही पट्टीबाहेर गेलात ते याच्यामुळं. तुमचा हात चुकला नाही.

आत्ता सी पाना (शॉकपची रिंग फिरवायचा) घ्या, दोन्ही बाजूला सारखी खाच ठेवा. एकटे असाल तर तिसरी खाच. तुमच्या शॉकपला एका खाचेला साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर मिळेल, म्हणजे ४० चे ३३ होतील. डबलसीटला पाचवी. तिथं ६८ चे ५३ होतील, पूर्ण बरं नाही पण फरक कळेल. एकटे असताना मात्र पाचवीवर ठेवू नका. नुसत्या गाडीचा आकडा तुमचा १३ आहे, पाचवीवर तो शून्याच्या खाली जाईल, मग शॉकपला वर यायला जागाच राहणार नाही आणि उंचवट्याच्या पलीकडं चाक जमीन सोडेल.

आता झोक्याचं. सीटच्या मागं दोन्ही हातांनी जोरात दाबून एकदम सोडा. एकदा वर येऊन थांबायला पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आली तर रिबाउंड (दबलेल्या शॉकपला वर येताना आवरणारा अडथळा) संपलाय, आतलं तेल आणि सील कामातून गेलं. कंपनीचे बंद शॉकप उघडून दुरुस्त होत नाहीत, बदलावे लागतात. माझा अंदाज तुमचे गेलेत. तिथं नवे घ्यावे लागतील.

डबीवाल्यांबद्दल. डबीत नायट्रोजन असतो आणि तेलाला फुगायला जागा मिळते, त्यामुळं खराब रस्त्यावर तासभर पळवलं तरी तेल फेसाळत नाही. खरी डबी असेल तर चांगलीच गोष्ट. पण मी स्वतःच्या हातानं एक स्वस्तातला उघडलाय, गिऱ्हाईक म्हणालं तेल गळतंय. डबी खोलली तर आत पोकळ, शॉकपच्या नळीला डबीत जायला भोकच नव्हतं, नुसती स्क्रूनं बसवलेली. म्हणून डबी आहे का नाही हे विचारू नका, तुमच्या वजनाची स्प्रिंग आहे का, रिबाउंडचा स्क्रू आहे का आणि नंतर कुणी उघडून सर्व्हिस करून देईल का हे विचारा. आणि शॉकपच्या दोन डोळ्यांमधली (वरच्या आणि खालच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी जुन्याइतकीच घ्या. दहा मिलिमीटर लांब घेतला तर गाडी चटकन वळते खरी पण साईड स्टँडवर जास्त कलते, चेन चिमट्याला घासायची शक्यता, आणि मोकळ्या रस्त्यावर हँडल चंचल होतं.

डॅम्पर_रॉड (चाकण):

मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, दुचाकीच्या नाही पण सस्पेन्शनचंच. पाटण दादांचं सगळं पटलं, प्रीलोडबद्दल थोडं जोडतो कारण ह्या एका गोष्टीवर सगळीकडे गोंधळ असतो.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. होत नाही. स्प्रिंग जेवढी कडक होती तेवढीच राहते, एक मिलिमीटर दबायला आधी जेवढं वजन लागायचं तेवढंच नंतरही लागतं. प्रीलोडनं फक्त गाडी ट्रॅव्हलमध्ये किती वर बसते ते बदलतं. म्हणून मुठाकाठ, तुमच्या आकड्यांत बघा, तुम्ही बसल्यावर २७ मिलिमीटर खाली गेली आणि बायको आणि बॅगेनं आणखी २८. पाचव्या खाचेवरही हे २७ आणि २८ जवळपास तसेच राहतील. वजनामुळं होणारी ही घसरण कमी करायची असेल तर कडक स्प्रिंगच लागते, दुसरा मार्ग नाही.

आता फोर्क. पहिल्यांदा तेलानं दाबलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूनं १९३५ मध्ये आर १२ वर विकायला आणला, आणि आपल्याकडच्या साध्या बाईकच्या फोर्कमध्ये आजही मूळ कल्पना तीच आहे, एक नळी, तिला ठरलेल्या आकाराची भोकं, फोर्क दबला की तेल त्या भोकांतून जातं. गंमत अशी की भोकातून तेल जाताना वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. ब्रेक धरल्यावर फोर्क हळू दबतो तेव्हा भोकं अडवतच नाहीत, म्हणून नाक खाली जातं. तोच फोर्क खड्ड्यात जोरात दबतो तेव्हा भोकं अचानक भिंतीसारखी होतात आणि झटका मनगटात येतो. दोन्ही तक्रारी एकाच भोकांच्या आहेत.

लोक म्हणतात जाड तेल टाका, दहा नंबरच्या ऐवजी वीस. नाक कमी बसेल, पण झटकाही तेवढाच वाढेल, आणि रिबाउंड इतका सावकाश होईल की लागोपाठ खड्डे आले तर पहिल्या खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येईल, फोर्क तसाच खाली खाली दबत जाईल. दहावरनं पंधरा एवढीच उडी घ्या. आणि डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, एका कंपनीचं दहा दुसरीच्या पंधराएवढं असू शकतं. डब्याच्या मागं किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला किती सेंटीस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) ते दिलेलं असतं, तो आकडा जुळवा.

याच्याहून जास्त करायचं असेल तर इम्युलेटर मिळतात. स्प्रिंगवाली छोटी झडप, डॅम्पर रॉडच्या (वर सांगितलेल्या भोकांच्या नळीच्या) डोक्यावर बसते, हळू दबताना बंद राहून नाक थोपवते आणि खड्ड्यात उघडून तेलाला वाट देते. पण त्यासाठी रॉडची खालची भोकं मोठी करून घ्यावी लागतात लेथवर, परत मूळ स्थितीला यायचं तर नवा रॉड. आणि रिबाउंड तरीही तेलाच्या जाडीवरच राहतो. तुमच्या बजेटमध्ये आणि तुमच्या वापराला मी आत्ता ते करणार नाही. आधी ताजं तेल, नवे सील, बरोबर पातळी. कदाचित तेवढ्यानंच काम होईल.

तेलाच्या पातळीबद्दल थोडं. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजतात. वरची ही मोकळी हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी काम करते. अंतर १० मिलिमीटरनं कमी केलं की शेवटचं खट्ट थांबतं आणि सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. लोभ करून ३०, ४० कमी केलं तर हवेचा दाब सील बाहेर ढकलतो.

वाशिष्ठी (चिपळूण):

सगळं वाचलं, खूप उपयोगी आहे, फक्त एक बाजू राहिली म्हणून लिहितेय. इथं सगळे कडक करा, कडक करा म्हणतायत. माझं वजन ५२ आहे, दोनशे सीसी, पोफळीवरून कुंभार्ली चढून कराडला महिन्यातून दोनदा जाते, नोकरीचं काम असतं. माझी अडचण पूर्ण उलटी होती. मागं मोनोशॉक (मधे एकच शॉकप) दुसऱ्या खाचेवर असूनही मी बसल्यावर फक्त १८ बसायची. वळणात बारीक खडी किंवा रस्त्याचा जोड आला की मागचं चाक आडवं टणकन सरकायचं, मला वाटायचं टायरच घसरतोय, दोन वेळा टायर बदलले. मग पहिल्या खाचेवर आणली, पुढं तेल थोडं पातळ टाकून घेतलं आणि चाक रस्त्याला चिकटून चालायला लागलं. त्यामुळं हलक्या लोकांनी, खासकरून मुलींनी, कुणा ऐंशी किलोच्या मित्राचं सेटिंग उचलून स्वतःच्या बाईकला लावू नये.

पाय टेकत नाहीत म्हणून बऱ्याच जणी लोअरिंग लिंक टाकतात, मलाही सुचवलं होतं. मागची उंची कमी झाली की वर पाटण दादांनी सांगितलं तेच होतं, पुढचं हलकं आणि बाईक वळणात बाहेर. टाकायचीच असेल तर पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून तेवढ्याच हिशोबानं वर घ्यायला हवेत, तेसुद्धा पाच पाच मिलिमीटरनं, आणि चाक पूर्ण दबल्यावर मडगार्डला लागत नाही ना बघून. मी त्याऐवजी सीटचा फोम कडेनं उतरवून घेतला.

आणि पावसाचं सांगते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे घाटात कडेनं शेवाळ असतं, वरून जांभ्याची लाल माती वाहून येऊन वळणाच्या आतल्या बाजूला पसरते. त्या दिवसांत मी रिबाउंडचा स्क्रू दोन टिक मोकळा ठेवते म्हणजे चाक लवकर खाली येतं. कडक गाडी ओल्यात आधी काहीच सांगत नाही आणि मग एकदम सुटते, मऊ गाडी थोडी हलून सांगते. मला ते सांगणं हवं असतं.

गगनबावडा_६५०:

ताई लिंकचं बरोबर बोललीस, आमच्यातल्या एकानं बसवली होती, भुईबावड्यात प्रत्येक वळणाला बाहेर जायचा, शेवटी काढली.

भावा आणि एक, सी पाना स्वतःचा घे, डबलसीट जायच्या सकाळी दोन मिनिटात खाच बदलता येते. आणि पाना फिरवायच्या आधी रिंगवर पाणी मारून माती काढ, मी तशीच फिरवली आणि पाना निसटून बोटाचं साल गेलं.

मुठाकाठ:

मंडळी, सव्वा महिन्यानं परत आलोय, सांगायला भरपूर आहे.

सीट दाबून सोडायची टेस्ट केली, बाईक तीनदा वरखाली झाली. म्हणजे मागचे शॉकप गेलेलेच होते. पण लगेच घेतले नाहीत. आधी कोनसेट बदलला आणि पुढचं काम केलं. फोर्क उघडताना मी गॅरेजमध्ये शेजारीच उभा होतो. उजव्यातून ३०० मिली निघालं, डाव्यातून २६०, दोन्ही तेलं काळीकुट्ट आणि पाण्यासारखी पातळ, त्याला माशांसारखा वास, आणि बशीच्या तळाशी करड्या रंगाची चकाकणारी कणी बसली होती. मॅन्युअलप्रमाणं प्रत्येकी ३१० पाहिजे होतं. नवे ऑईल सील, डस्ट सील, पंधराचं तेल, सेंटीस्टोक बघून घेतलं, पातळी १० मिलिमीटर वर. चाक बसवल्यावर ॲक्सलचा क्लॅम्प घट्ट करायच्या आधी मिस्त्रीनं पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ दहा वेळा दाबले, म्हणाला पाईप सरळ रेषेत बसू दे, नाहीतर नवं तेल टाकूनही अडखळतील. ही गोष्ट इथं कुणी लिहिली नव्हती म्हणून लिहितो.

खाच तिसरी करून एकटाच ताम्हिणीत गेलो. मुळशीच्या पाण्याच्या कडेनं जो वळणांचा पट्टा आहे तिथंच कळलं. हँडल मध्ये पडत नाही, जिथं नजर जाते तिथं बाईक जाते. विळ्यापर्यंत उतरलो तेव्हा टाय शेवटापासून २४ मिलिमीटर आधी थांबली होती, आधी ६ होते. खट्ट एकदाही नाही. फक्त मागून झोके होतेच.

मग मागचे शॉक मागवले. दोघांचं वजन, बॅग, महिन्यातून दोनदा डबलसीट असं सगळं लिहून दिलं, लांबी जुन्याइतकीच, रिबाउंडला स्क्रू आहे, डबी नाही. सीलसकट सगळं मिळून बजेटमध्ये बसलं, टायर पुढच्या महिन्यात. नवे आकडे: एकटा ३१, दोघं आणि बॅग ४४.

परवा शनिवारी दोघं वाईला गेलो. पसरणीत त्याच डाव्या वळणावर मी मुद्दाम काही बोललो नाही. चाळीसला गेलो, पट्टीच्या आत दीड हात जागा ठेवून बाईक वळली आणि वळत राहिली, मधला तो उंचवटा आला, मागून एकच दणका आला आणि संपला. वर पॉइंटवर चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली आज मी कणीस खात खात येऊ शकले असते. तिला स्प्रिंग, रिबाउंड काही माहीत नाही, पण तिचा हात सबंध घाटात माझ्या खांद्यावर होता, मागच्या कडीवर नव्हता.

एक शंका राहिली. आंबेनळी अजून उतरलो नाही दोघांनी. डबलसीट उतरताना रिबाउंड एक टिक वाढवू का आहे तसा ठेवू? आत्ता पूर्ण बंदपासून ८ टिक मोकळा आहे.

पाटण_गॅरेज:

वा, छान झालं काम, वाचून बरं वाटलं. क्लॅम्पच्या आधी फोर्क दाबायचं मी सांगायला विसरलो होतो, तुमच्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

आहे तसाच ठेवा. नवे सील पाचशे ते हजार किलोमीटर बसायला घेतात, तोवर स्क्रूला हात लावू नका. उतरताना प्रतापगडाच्या फाट्याला थांबा, टाय सीलला परत टेकवा आणि मग पोलादपूरला पोचल्यावर बघा. दोघं असताना टाय शेवटापासून पंधराच्या वर राहिली तर पुढचं काहीच करायचं नाही. पंधराच्या आत आली तर आकडा इथं टाका, तेल आणखी पाच मिलिमीटर वर घेऊ.